ज्याची चूक, त्याचा केक

आमच्या दुकानात एक नियम आहे आणि तो माझ्या वडिलांनी घालून दिलेला आहे. केकवरचं अक्षर चुकलं, तर तो केक विकायचा नाही. खरवडून त्यावर पुन्हा लिहायचं नाही, कारण खरवडलेलं गिऱ्हाइकाला दिसतं, आणि गिऱ्हाइकाला नाही दिसलं तरी आपल्याला दिसतं. फेकायचा तर नाहीच. ज्यानं चुकवला, त्यानं तो खायचा. एकट्यानं, शेवटच्या कणापर्यंत.

मी दहा वर्षांची असताना हौसेनं एका तीनमजली केकवर 'हार्दिक अभिनंदन' लिहायला घेतलं आणि 'हार्दिक'ची वेलांटी दुसरी काढली. वडिलांनी फक्त एक चमचा आणून माझ्यापुढे ठेवला. वरचा मजला मी आनंदानं खाल्ला, मधला रडत खाल्ला आणि खालचा कसा खाल्ला ते विचारू नका. चार दिवस लागले. त्याला आता अडतीस वर्षं झाली. या अडतीस वर्षांत मी केकचा कणसुद्धा जिभेवर ठेवलेला नाही, चव बघायचं काम वडिलांच्या वेळेपासून भट्टी सांभाळणाऱ्या आमच्या भट्टीकाकांकडे आहे. आणि या अडतीस वर्षांत माझ्या हातून एक वेलांटी चुकलेली नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी घट्ट संबंध आहे, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत होते.

आता बटणबद्दल. बटण ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय वर्षं नऊ. जन्मली तेव्हा एवढीशी, गोल आणि हातातून सारखी निसटणारी, म्हणून बटण. बहीण नर्स आहे, तोवर इथेच गावात राहायची. तिची दूरच्या शहरात बदली झाली. बटणचा बाप बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा उगवणार. बहीण पोरीला बरोबर नेणार होती, पण मी आडवी पडले. "तुझ्या त्या एका खोलीत पोरगी काय करणार? तू ड्यूटीवर गेलीस की भिंतींशी बोलणार? इथे शाळा आहे, मैत्रिणी आहेत, मी आहे." दोन दिवसांनी बहीण हो म्हणाली.

खरं कारण मी तिला सांगितलं नाही. मी एकटी राहते. दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत, आणि बटण सुट्टीत राहून परत गेली की त्या खोल्या मला आठवडाभर खायला उठतात. मला ती पोरगी माझ्याजवळ हवी होती. एवढी साधी गोष्ट, पण ती सांगायला माझी जीभ वळली नाही, आणि एरवी ही जीभ कुठे कुठे वळते ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

ती आली आणि घर भरलं. जिन्यावर एक बूट, न्हाणीघरात दुसरा. दर रविवारी ती आईला पत्र लिहायची. फोन रोज व्हायचा, तरी पत्र हवंच. "फोन उशीखाली ठेवता येत नाही," असं तिचं म्हणणं. ती पाकीट बंद करून माझ्याकडे द्यायची आणि मी टपालपेटीत टाकायचे. दोन महिने असे सुखात गेले, आणि मग शाळेच्या डायरीत बाईंचा शेरा आला. शुद्धलेखनात चाळीसपैकी बावीस. वार्षिक परीक्षेत तीसच्या खाली गुण आले, तर पोरगी पुन्हा त्याच वर्गात बसणार.

मी लगेच बहिणीला फोन लावला. माझे हात कायम क्रीममध्ये, त्यामुळे दुकानातला फोन मी नेहमी स्पीकरवर टाकते. माझ्या घरातल्या गोष्टी सगळ्या गल्लीला माहीत असतात, त्याचं कारण हेच.

"त्याच वर्गात?" बहीण म्हणाली. "ताई, मग मी तिला इकडे घेऊन येते. एक खोली तर एक खोली. नापास झाली तर मी एक दिवस थांबणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"काही नापास होत नाही. मी बसलेय ना इथे."

"पण पत्रांत तर एवढ्या चुका दिसत नाहीत गं."

"आईला लेकीच्या चुका कधी दिसल्यात?" मी म्हणाले आणि कोपरानं फोन बंद केला.

टेबलाखाली बटण क्रीमचा चमचा चाटत बसली होती. चाटण्याचा आवाज मध्येच थांबला होता. मला वाटलं, चमच्यावरचं क्रीम संपलं.

त्या दिवशी मी ठरवलं की या पोरीला मी असं शुद्ध लिहायला शिकवीन की बाईंनी येऊन माझे पाय धरावेत. कसं शिकवायचं याचा विचारच करावा लागला नाही. जे औषध मला लागू पडलं, तेच तिला.

दुपारी शाळा सुटून ती आली की दुकानात तशी गर्दी नसायची. मागच्या खोलीत संगमरवरी टेबल आहे, त्याच्या वर खिळ्याला ऑर्डरीच्या चिठ्ठ्या टोचलेल्या असतात. तिथे मी तिला स्टुलावर उभी करायचे, हातात अक्षरं काढायचा क्रीमचा कोन द्यायचे आणि स्पंजकेकच्या कापलेल्या कडा समोर मांडायचे. रोज दहा शब्द. आमच्याकडे लिहिण्याची एक पद्धत आहे, तीही तिला शिकवली: आधी रिकामा कोन हवेत फिरवायचा, पूर्ण शब्द हवेत काढायचा, मनाला पटला तरच भरलेला कोन उचलायचा. केकवर खोडरबर चालत नाही.

"आणि चुकलं तर?" तिनं विचारलं.

"चुकलं तर तो तुकडा तू खायचा," मी शक्य तेवढ्या भीतिदायक आवाजात म्हणाले. "सगळा."

बटणनं माझ्याकडे बघितलं. मग तुकड्यांकडे बघितलं. "सगळा?" ती म्हणाली.

"सगळा."

भट्टीकाका तेव्हा ट्रे पुसत होते. ते दिवसाला पंधरा-वीस शब्द बोलतात आणि त्यातले निम्मे भट्टीशी. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, ट्रे खाली ठेवला आणि बाहेर जाऊन बराच वेळ खोकत राहिले. मला वाटलं पीठ नाकात गेलं.

पहिल्या दिवशी दहातले पाच चुकले. आठवडा संपताना सात. दुसऱ्या आठवड्यात आठ, मग नऊ. मी म्हटलं, शब्द अवघड होत चाललेत, होणारच. 'उज्ज्वल'मधला एक ज तिनं गिळला. 'आशीर्वाद' तर तिनं इतक्या निरनिराळ्या प्रकारांनी लिहिला की मला त्या शब्दाची दया आली. पण मी मागे हटले नाही. प्रत्येक चुकीला तुकडा पुढे करायचे आणि समोर हाताची घडी घालून उभी राहायचे, वडील उभे राहायचे तशी.

आणि शिक्षा लागू पडत होती, हे मला डोळ्यांनी दिसत होतं. पहिले काही दिवस तिनं मिटक्या मारत खाल्लं, पण तिसऱ्या आठवड्यापासून ती खाताना डोळे मिटून घ्यायला लागली. मग शेजारी पाण्याचा ग्लास ठेवायला लागली. एक घास, एक घोट. मी मनात म्हणायचे, बघा, आता आलं ना वळणावर! शाळेच्या स्कर्टचा हूक लागेनासा झाला, तो मी पुढे सरकवून दिला. पण चुका काही कमी होईनात. पालथ्या घड्यावर पाणी.

"पोरगी खात नाही," एकदा भट्टीकाका म्हणाले. "गिळते."

"शिक्षाच आहे ती काका. मिटक्या कशाला मारेल?"

काकांचा त्या दिवसाचा शब्दांचा साठा बहुतेक तेवढाच होता.

सहा आठवड्यांनी चाचणी झाली. चाळीसपैकी नऊ. बाईंनी मला शाळेत बोलावलं.

बाई म्हणजे काटकुळ्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज एकदम हळू. हळू बोलणाऱ्या माणसांची मला पहिल्यापासून भीती वाटते. त्यांनी मला लहान मुलांच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत बसायला मला थोडा विचार करावा लागला आणि उठायचा विचार मी पुढे ढकलला.

"घरी अभ्यास कोण घेतं?" त्यांनी विचारलं.

"मीच. रोज. एक दिवस चुकवलेला नाही." आणि मी त्यांना सगळी पद्धत सांगितली. वडिलांचा नियम सांगितला, तीनमजली केक सांगितला, रिकामा कोन हवेत फिरवूनही दाखवला. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "शब्द चुकला की केक."

"हो."

"आणि बरोबर आला की?"

"बरोबर आला की काही नाही. बरोबर तर यायलाच हवा."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "क्रीमचा?" त्यांनी विचारलं.

"क्रीमचा. शनिवारी चॉकलेटचा. आमच्याकडे हलकं काही ठेवत नाहीत."

"तुम्ही एक काम करा," बाई आणखीच हळू म्हणाल्या. "इथे माझ्या वर्गात बेचाळीस मुलं आहेत. उद्या मी त्यांना सांगते की जो चुकेल त्याला केक मिळेल. तुम्ही परवा येऊन निकाल बघा."

मी शाळेच्या फाटकापर्यंत आले तरी मला त्या काय म्हणाल्या ते उमगलं नव्हतं. कोपऱ्यावर दोन पोरं एका क्रीमरोलवरून मारामारी करत होती. एकानं दुसऱ्याच्या झिंज्या धरल्या होत्या, आणि रोल मातीत पडला होता तरी दोघांनाही तो हवा होता. मी तिथेच उभी राहिले आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. माझा जन्म भट्टीच्या उबेत गेलेला. मला केक म्हणजे काम, केक म्हणजे उठाठेव आणि केक म्हणजे शिक्षा. जगातली बाकीची माणसं तो हावरटासारखी खातात म्हणून तर माझं दुकान चालतं, आणि हे कळायला मला अडतीस वर्षं आणि एक शाळेची बाई लागली! स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता, तोही क्रीम लावून.

घरी येऊन मी नियम उलटा केला. "आजपासून बरोबर आलं तर केक," मी जाहीर केलं. "चुकलं तर एक कणही नाही."

बटणचा चेहरा उजळला. मी म्हटलं, आता बघा गंमत.

दहा शब्द झाले. दहाच्या दहा चुकले.

"म्हणजे आज केक नाही ना मावशी?" तिनं विचारलं.

"नाही," मी करड्या आवाजात म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

"बरं," ती म्हणाली आणि टुणकन स्टुलावरून उतरून खेळायला पळाली.

दुसऱ्या दिवशी दहा चूक. तिसऱ्या दिवशी दहा चूक. दिवसेंदिवस पोरगी टवटवीत व्हायला लागली, रात्री पोटभर जेवायला लागली, आणि माझी मात्र भूक मेली. केक दिला तरी चुकते, नाही दिला तरी चुकते. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते मला समजेना. परीक्षा शुक्रवारी होती. शुक्रवारी ती नापास होणार, शनिवारी बहीण येणार, आणि रविवारी जिन्यावर एकही बूट नसणार. मी हे मनात इतक्या वेळा मोजलं की एका गिऱ्हाइकाला पावाऐवजी किल्ल्या बांधून दिल्या.

त्याच्या आधीच्या रविवारी तिनं नेहमीसारखं पाकीट माझ्या हातात दिलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला माहीत आहे. मला कोणी शिकवायची गरज नाही. मी वाचलं. डिंक ओला होता, उघडायला त्रास पडला नाही.

तिनं लिहिलं होतं:

'प्रिय आई, शुक्रवारी माझी शुद्धलेखनाची परीक्षा आहे. त्यात मी नापास होणार आहे. तू काळजी करू नकोस. मी नापास झाले की तू मला न्यायला येशील, असं तू फोनवर मावशीला म्हणाली होतीस. ते मी ऐकलं. म्हणून मी रोज सगळे शब्द चुकवते. चुकवणं सोपं नसतं. आधी बरोबर काय ते शिकून घ्यावं लागतं आणि मग ते सोडून दुसरं लिहावं लागतं. चुकलं की मावशी मला केक खायला लावायची. मला आता केक बघितला तरी उलटी येते. पण मी खात होते, कारण तुझ्याकडे यायचं आहे. आता मावशीनं केक बंद केला आहे, त्यामुळे माझं बरं चाललं आहे. मावशी चांगली आहे. तिला हे सांगू नकोस, तिला वाईट वाटेल. माझं अंथरूण तुझ्या शेजारी घाल. तुझी बटण.'

मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मी लाल पेन्सिल घेऊन बसले, सवयच आहे. अख्ख्या पत्रात एक चूक नव्हती. एकही नाही. 'उलटी' बरोबर, 'अंथरूण' बरोबर, माझ्या दुकानात वर्षानुवर्षं भल्याभल्यांना चिठ्ठीवर लिहिता येत नाहीत ते शब्द बरोबर. मग मला रडू आलं. संगमरवरी टेबलावर डोकं टेकून मी रडले, आणि उठले तेव्हा कपाळाला पिठीसाखर लागलेली होती.

आता सांगते ते मला शोभणारं नाही, पण सांगते. रडून झाल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो वेगळाच. पोरीला सगळं येतं. म्हणजे एक वाक्य बोललं की काम झालं. तिला सांगायचं, 'आईचा फोन आला होता, आता ती म्हणते की पास झालीस तरच न्यायला येईन.' पोरगी चाळीसपैकी चाळीस मिळवील. पास झाली म्हणून बहीण निर्धास्त होईल आणि येणार नाही. चार दिवस बटण रुसेल, मग विसरेल. पोरं विसरतात. पत्र हरवलं म्हणायचं. टपालात काय, हजार पत्रं हरवतात.

सोमवारी सकाळी मी हे वाक्य तोंडात घोळवत होते. मागच्या खोलीत एकटीच. रिकामा कोन हवेत फिरवावा तसं मी ते हळू आवाजात बोलून बघितलं, एकदा, दोनदा. मनाला पटेना. 'आई म्हणते' पर्यंत यायचे आणि पुढे आवाज फुटायचा नाही.

"कोणाशी बोलतेस?" भट्टीकाका दारात उभे होते.

मी त्यांच्या हातात पत्र दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि परत केलं. मग ते स्टुलावर बसले. कामाच्या वेळी बसलेले मी त्यांना कधी बघितलेलं नव्हतं.

"तो तुझा केक," ते म्हणाले. "तीनमजली."

"त्याचं काय आता?"

"खालचा मजला केवढा होता आठवतंय? दहा वर्षांच्या पोरीला चार दिवसांत संपेल का तो?"

"पण मी संपवला."

"तुझे वडील रोज पहाटे पावाची भट्टी लावायला यायचे ना. आधी चमचा घ्यायचे आणि तुझ्या केकचा चांगला हातभर भाग खायचे. मग उरलेला फिरवून ठेवायचे, कापलेली बाजू भिंतीकडे. मला म्हणाले, पोरीला सांगितलंस तर भट्टीत घालीन." काका उठले. "नियम त्यांचाच. पण पोरगी पण त्यांचीच होती."

एवढं लांब भाषण केल्याबद्दल ते स्वतःवरच चिडल्यासारखे निघून गेले आणि पुढचे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

मी बहिणीला फोन लावला. हात धुतले, पुसले आणि स्पीकर बंद ठेवून फोन कानाला लावला. गल्ली एक दिवस उपाशी राहिली तर काही बिघडत नाही.

"शनिवारी ये आणि बटणला घेऊन जा," मी म्हणाले. "पास होऊ दे नाहीतर नापास. निकालासाठी थांबू नकोस."

"काय झालं? आजारी आहे का ती?"

"काही झालेलं नाही. ती तुझी आहे आणि तिला तुझ्याजवळ यायचंय. तू तेव्हाच नेणार होतीस. मीच आडवी आले."

"पण तूच म्हणालीस ना, एका खोलीत पोरगी काय करणार?"

"तुझ्या शेजारी झोपेल. अजून काय करायचंय तिला?"

मग बहीण नाक ओढत म्हणाली, "ताई, तू एकटी पडशील गं."

"मला काय होतंय?" मी म्हणाले. "आणि हो, पडेन. ते आपण नंतर बघू."

दुपारी बटण शाळेतून आली आणि सवयीनं स्टुलावर चढली. मी तिला खाली उतरवलं आणि स्टुलावर मीच बसले, म्हणजे आमची डोकी एका उंचीला आली. पत्र तिच्या हातात दिलं आणि मी ते वाचल्याचंही सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"रागावलीस?" तिनं विचारलं.

"हो. पण तुझ्यावर नाही. शनिवारी आई येतेय तुला न्यायला. कायमची."

"नापास झाले तर?"

"नापास झालीस तरी येणार, पास झालीस तरी येणार. गाडीचं तिकीट काढलंय तिनं."

तिनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मी खोटं बोलले की माझी डावी भुवई हलते म्हणतात, ती भुवईच बघत होती. भुवई जागच्या जागी होती. तिनं एक मोठा श्वास सोडला.

"मग आता चुकवायचं नाही?" ती म्हणाली.

"नको."

"बरं झालं. 'आशीर्वाद' चुकवायचे सगळे प्रकार संपले होते." आणि ती माझ्या गळ्यात पडली. क्रीमच्या एप्रनसकट.

शुक्रवारी परीक्षा झाली. संध्याकाळी बाई स्वतः दुकानात आल्या. चाळीसपैकी चाळीस. त्या काउंटरला धरून उभ्या होत्या.

"मला फक्त एवढंच सांगा," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा चढला. "तुम्ही नेमकं केलंत तरी काय?"

"काही नाही बाई. स्टुलावर तिच्याऐवजी मी बसले," मी म्हणाले. त्यांना ते कळलं नाही. मी त्यांना अर्धा किलो बिस्किटं बांधून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि पाय धरायची संधीही दिली नाही.

शनिवारी बहीण आली. तिला बघून बटण जिन्यावरून अशी सुटली की शेवटच्या तीन पायऱ्या तिला लागल्याच नाहीत. मी पाठ फिरवून गल्ला लावत बसले. दोघी सामान बांधायला वर गेल्या. मग बटण एकटीच खाली आली, मागच्या खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं. काकांनाही आत घेईना. अर्ध्या तासानं तिनं मला हाक मारली.

टेबलावर एक छोटा गोल केक होता, काकांकडून मागून घेतलेला. त्यावर निळ्या क्रीममध्ये, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'मावशी, तु पण ये'.

"अक्षर छान आलंय," मी म्हणाले. "पण 'तू' चुकलाय."

"माहितीये. मुद्दाम चुकवलाय."

"का?"

"बरोबर लिहिला असता तर तू काचेच्या कपाटात ठेवला असतास आणि मग सगळ्यांना दाखवत बसली असतीस. चुकलेला केक विकता पण येत नाही आणि फेकता पण येत नाही. तो खावाच लागतो."

"ज्यानं चुकवला त्यानं. नियम माहीत आहे ना?"

"मी नाही बाई खाणार," बटण दोन पावलं मागे सरकली. "मला बघूनच कसंतरी होतं. तूच बघ काय ते."

गाडीची वेळ झाली. बहिणीनं मला मिठी मारली, बटणनं दोनदा मारली, आणि कोपऱ्यावरून वळताना तिनं हात एवढा हलवला की बहिणीची पिशवी पडली. मी दारात उभी राहिले. रस्त्यावर कोणी नव्हतं तरी थोडा वेळ उभी राहिले. मग आत आले. जिन्यात एक बूट विसरलेला होता. तो मी उचलला नाही, राहू दिला तिथेच.

मागच्या खोलीत केक तसाच होता. तिनं एक अक्षर चुकवलं होतं, तेही जाणूनबुजून. माझी चूक त्याहून जुनी होती आणि पुष्कळ मोठी होती. मी चमचा घेतला, स्टुलावर बसले आणि 'मावशी'पासून सुरुवात केली.

'तु' पर्यंत पोचले तेव्हा भट्टीकाका आले. त्यांच्या हातात दुसरा चमचा होता.

"एकट्यानं खायचा असतो काका," मी म्हणाले. "नियम आहे."

"हो का," काका म्हणाले आणि भिंतीकडच्या बाजूनं एक मोठा घास घेतला. आम्ही दोघं खात राहिलो.

"कसा झालाय?" त्यांनी विचारलं. अडतीस वर्षं हा प्रश्न मी त्यांना विचारत आले होते.

"साखर जरा जास्त आहे," मी डोळे पुसत म्हणाले. "पण लोक उगीच येत नाहीत." आणि मी पुन्हा चमचा भरला.